ताऱ्यांच्या जन्मस्थळी सेंद्रिय रेणू ‘सापडला’ असे केव्हा म्हणावे?

कृत्तिका (जळगाव) :

नमस्कार. “अंतराळात जीवनाचे घटक सापडले” अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बातमी आली की विद्यार्थी रेणूचे नाव घेऊन येतात, फळ्यावर त्याची रचना काढून मागतात आणि त्याचा जीवनाशी काय संबंध आहे ते विचारतात. मात्र इतक्या दूरच्या ढगात नेमका तोच रेणू आहे हे कशावरून ठरवले, असे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते या विषयाचा गाभा त्याच प्रश्नात आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

पद्धतीचे तत्त्व असे आहे. वायुरूपातील रेणू गिरक्या घेत असतो आणि पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांमुळे त्याची गिरकी ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच होऊ शकते. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना तो ठरावीक वारंवारतेची लहर बाहेर टाकतो. दुर्बिणीच्या नोंदीत ती लहर एका रेषेसारखी उमटते, आणि अशा रेषांच्या पटाला वर्णपट म्हणतात. ही वारंवारता अणूंची वस्तुमाने आणि त्यांची मांडणी यांवरून ठरत असल्यामुळे एखादा अणू वेगळ्या जागी जोडलेला असला, किंवा नेहमीच्या कार्बनऐवजी त्याचाच थोडा जड प्रकार कार्बन-१३ आला, तरी रेषांची अख्खी मालिका सरकते. मिथाइल फॉर्मेट, ॲसिटिक आम्ल आणि ग्लायकोलाल्डिहाइड या तिन्ही रेणूंत दोन कार्बन, चार हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन आहेत. केवळ वजनावरून त्यांना वेगळे ओळखता येत नाही, पण त्यांचे वर्णपट एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. या तिघांपैकी साखरेच्या कुळातला सर्वांत साधा रेणू म्हणून ओळखले जाणारे ग्लायकोलाल्डिहाइड २००० साली जान हॉलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या ‘सॅजिटेरियस बी-२’ या प्रचंड ढगात आढळले.

त्यामागे मोठा इतिहास आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीतले पहिले रेणू १९३७ ते १९४१ या काळात ताऱ्यांच्या प्रकाशातील शोषणरेषांवरून ओळखले गेले आणि ते सगळे दोन अणूंचे होते. रेडिओ लहरींनी १९६३ मध्ये हायड्रॉक्सिल, १९६८ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्या गटाला अमोनिया आणि १९६९ मध्ये लुईस स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांना फॉर्माल्डिहाइड सापडले. आज ही यादी तीनशेच्या पुढे गेली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. एक रेषा जुळली म्हणजे रेणू सापडला, असे होत नाही. मोठ्या रेणूला ऊर्जापातळ्या पुष्कळ असतात. त्यामुळे गिरणेच्या कालव्याचे पाणी शेकडो पोटचाऱ्यांत वाटले गेल्यावर टोकाच्या शेताला जशी बारीक धार मिळते, तशी प्रत्येक रेषेच्या वाट्याला थोडीच तीव्रता येते. त्यातच सॅजिटेरियस बी-२ सारख्या ढगात वायूच्या खळबळीमुळे रेषा रुंदावलेल्या असतात आणि इतक्या दाटीने पडतात की कोणत्याही वारंवारतेवर पाहिले तरी काही ना काही दिसतेच. अशा ठिकाणी योगायोगाने जुळणाऱ्या दोन-चार रेषांना पुरावा म्हणता येत नाही. रेणूच्या ज्या ज्या रेषा त्या पट्ट्यात दिसण्याइतक्या तीव्र असायला हव्यात, त्या सगळ्या दिसल्या पाहिजेत. त्यांची परस्परसापेक्ष तीव्रता एकाच तापमानाशी सुसंगत असली पाहिजे. त्या सर्वांवरून ढगाचा वेग एकच निघाला पाहिजे. आणि प्रयोगशाळेतील मोजमाप आधी हाताशी असले पाहिजे. असायला हवी तिथे एक जरी ठळक रेषा नसली, तरी दावा मागे घ्यावा लागतो. बातमी वाचताना ही कसोटी लावावी, असे मला मनापासून वाटते.

गिरणाथडी (भडगाव) :

कृत्तिकाताई, नमस्कार. मी केळी आणि कपाशी करणारा शेतकरी आहे. पदवी विज्ञान शाखेची आहे. अंतराळात युरिया सापडल्याचे काही वर्षांपूर्वी वाचले होते. ज्या युरियाच्या गोण्या आम्ही हंगामाच्या तोंडावर सोसायटीतून आणतो, तोच हा रेणू आहे काय? आणि कारखान्यात तो तयार करायला एवढी उष्णता आणि एवढा दाब लागतो, तर जिथे काहीच नाही अशा गोठलेल्या ढगात तो कसा तयार होतो?

कृत्तिका (जळगाव) :

गिरणाथडी दादा, रेणू अगदी तोच आहे. तुमच्या उदाहरणातून माझा मुद्दाही स्पष्ट होतो. २०१४ साली एका गटाने अनेक दुर्बिणींची निरीक्षणे एकत्र करून सॅजिटेरियस बी-२ मध्ये युरिया असावा असे दाखवणारा चांगला पुरावा मांडला, पण इतर रेणूंच्या रेषांची सरमिसळ लक्षात घेऊन शोध लागल्याचा ठाम दावा केला नाही. पुढे २०१९ मध्ये आर्नो बेलोश यांच्या गटाने चिलीतील ‘आल्मा’ दुर्बीणसमूहाच्या निरीक्षणांतून ती ओळख पक्की केली. मधली वर्षे वाया गेली असे मी मानत नाही.

कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांवर सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमानात आणि दीडशेच्या आसपास वातावरणदाबाखाली प्रक्रिया करतात. ढगातला मार्ग पूर्णपणे वेगळा आहे. त्याविषयी अनेरतीर यांनी लिहावे अशी विनंती करते, कारण त्यांनी या विषयावर काम केले आहे.

अनेरतीर (शिरपूर) :

ताईंनी आग्रह केला म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तारे जिथे जन्मतात त्या ढगांच्या गाभ्यात तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे केवळ दहा केल्व्हिन असते. वायू इतका विरळ असतो की दोन कणांची गाठ पडायलाही फार काळ जातो आणि बहुतेक नेहमीच्या अभिक्रियांना लागणारी सुरुवातीची ऊर्जा तिथे उपलब्ध नसते. मात्र ढगात धूळ असते. साधारण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढे सिलिकेटचे आणि कार्बनचे कण असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया यांचा बर्फ साचतो. हायड्रोजनचा अणू हलका असल्यामुळे तो या थंडीतही पृष्ठभागावर सरकत राहतो आणि पुंजयामिकीच्या कृपेने ऊर्जेचा अडथळा न चढता त्याच्या पलीकडे जाऊ शकतो. तो कार्बन मोनॉक्साइडला चिकटतो, मग आणखी एक चिकटतो आणि फॉर्माल्डिहाइड तयार होते. पुढे आणखी दोन चिकटले की मिथेनॉल तयार होते. हा केवळ कागदावरचा तर्क नाही. जपानमधील होक्काइडो विद्यापीठात वातानाबे आणि कोउची यांनी २००२ साली दहा केल्व्हिनच्या बर्फावर हायड्रोजनचे अणू सोडून फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनॉल तयार होताना दाखवले. आपल्याला जवळच्या अहमदाबादमधल्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतही अशा बर्फाच्या पातळ थरांवर प्रयोग चालतात, याची मुलांना माहिती असावी.

मिथेनॉल हा पुढच्या सगळ्या प्रवासाचा पाया आहे. वैश्विक किरण आणि अतिनील प्रकाश यांमुळे बर्फातले रेणू तुटतात, त्यांचे अर्धवट तुकडे एकमेकांना जुळतात आणि मिथाइल फॉर्मेट, ग्लायकोलाल्डिहाइड, फॉर्मामाइड असे मोठे रेणू तयार होतात. गाभ्यात तारा पेटू लागला आणि धुळीचे तापमान शंभर केल्व्हिनच्या आसपास पोहोचले की सगळा बर्फ वायूत मिसळतो. मगच हे रेणू मोकळेपणाने गिरकी घेऊ शकतात आणि रेडिओ दुर्बिणीला दिसतात. बर्फात जखडलेला रेणू गिरकी घेत नाही, म्हणून त्याचा शोध अवरक्त प्रकाशातल्या कंपनांवरून घ्यावा लागतो. जेम्स वेब दुर्बिणीने नवजात ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड यांच्या खुणा टिपल्या, ते निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्फातल्या रेषा रुंद आणि बोथट असल्यामुळे तिथली ओळख वायूतल्या ओळखीइतकी निःसंदिग्ध नसते, हेही सांगायला हवे.

हे चित्र पूर्ण आहे असे मात्र कोणी समजू नये. भुजंगधारी तारकासमूहातल्या एल-१६८९-बी या गाभ्यात अजून तारा पेटलेला नाही, तापमान दहा केल्व्हिनच्या आसपासच आहे, आणि तरीही २०१२ मध्ये तिथे मिथाइल फॉर्मेट व डायमिथाइल ईथर वायुरूपात आढळले. बर्फ वितळायला उष्णताच नसेल तर हे रेणू धुळीवरून निसटले कसे, की ते वायूतच तयार झाले, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. मला स्वतःला हा प्रश्न या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

चाळीसगावकर :

उत्तम धागा. पाटणादेवीच्या परिसरात आम्ही काही मित्र हिवाळ्यात आकाशनिरीक्षणासाठी जमतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला १२०७ सालचा शिलालेख तिथलाच, त्यामुळे त्या जागी आकाशाविषयी बोलताना जबाबदारी वाटते. मृगातला तेजोमेघ दाखवताना मी नेहमी सांगत आलो आहे की ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल तिथे सापडले आहे. २००३ सालच्या एका शोधनिबंधाचा उल्लेख मी अनेक ठिकाणी वाचला आहे. वरची कसोटी वाचल्यावर विचारावेसे वाटते की हे विधान आज करावे की करू नये?

कृत्तिका (जळगाव) :

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००३ मध्ये यी-जेंग कुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृगातला ओरायन-केएल, सॅजिटेरियस बी-२ आणि डब्ल्यू-५१ अशा तीन ठिकाणी ग्लायसिनच्या रेषा दिसल्याचे प्रसिद्ध केले. २००५ मध्ये लुईस स्नायडर यांच्या गटाने तो दावा बारकाईने तपासला. दाव्यातल्या रेषा खरोखर ग्लायसिनच्या असतील तर आणखी काही ठरावीक रेषा तितक्याच किंवा त्याहून ठळक दिसायला हव्या होत्या, आणि त्या दिसत नव्हत्या. हे तपासणारे स्नायडर म्हणजे फॉर्माल्डिहाइड शोधणाऱ्या गटातलेच स्नायडर, आणि ग्लायसिनच्या शोधात त्यांनी स्वतः अनेक वर्षे घालवली होती. जो रेणू सापडावा अशी आयुष्यभर इच्छा बाळगली, त्याच्याबाबत “अजून नाही” असे लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

ग्लायसिन अवघड का, याचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. त्याच्या रेणूला घडी घालण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. कमी ऊर्जेची जी घडी असते तिच्यात धन आणि ऋण भारांची विभागणी क्षीण असल्यामुळे तिच्या रेषा मंद असतात. ज्या घडीच्या रेषा तीव्र आहेत तिची ऊर्जा जास्त असल्याने तशा रेणूंची संख्या कमी राहते. म्हणजे दोन्हीकडून अडचण होते.

मात्र ग्लायसिनकडे नेणाऱ्या वाटेवरचे रेणू पक्के सापडले आहेत. बेलोश यांच्या गटाने २००८ मध्ये अमिनोॲसिटोनायट्राइल शोधले. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्यापासून ग्लायसिन मिळू शकते. पेशींच्या आवरणातल्या मेदरेणूंच्या टोकाशी जे इथेनॉलअमाइन असते, ते व्हिक्टर रिविला यांच्या गटाला २०२१ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या एका ढगात आढळले. तुम्ही मृग दाखवताना मिथेनॉल, मिथाइल फॉर्मेट, फॉर्मामाइड यांची नावे निर्धास्तपणे घ्यावीत. तेही काही कमी नाही.

पूर्णाकाठ (मुक्ताईनगर) :

पण अमिनो आम्ले उल्कापाषाणांत सापडतात ना? मग ढगात ती नाहीत असे म्हणण्याला काय अर्थ उरतो? आमच्याकडे जुनी माणसे १८४३ साली मानेगावला आकाशातून दगड पडल्याचे सांगतात. त्या दगडात असे काही होते काय?

अनेरतीर (शिरपूर) :

मानेगावचा पाषाण नोंदलेला आहे आणि तो डायोजेनाइट या प्रकारात मोडतो. हे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून आलेले मानले जातात. ते एकेकाळी वितळून पुन्हा घट्ट झालेले असल्यामुळे त्यांत नाजूक सेंद्रिय रेणू टिकण्याची अपेक्षा नसते. तुम्ही म्हणता तो प्रकार कार्बनी पाषाणांचा आहे. ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे सप्टेंबर १९६९ मध्ये पडलेल्या अशा पाषाणात सत्तरहून अधिक अमिनो आम्ले ओळखली गेली. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यांत, सजीवांच्या प्रथिनांतील वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएमधील पाचही नायट्रोजनी क्षारके आढळली. धूमकेतू ६७-पी वर रोझेटा यानाने ग्लायसिन आणि फॉस्फरस टिपले, ते २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ढगात ग्लायसिन नाही, असे कोणी म्हणत नाही. तिथे ते दाखवता आलेले नाही, एवढेच विधान आहे. लघुग्रहातली काही अमिनो आम्ले त्या लघुग्रहाच्या पोटात पाणी वाहत असताना नंतर तयार झालेली असू शकतात. म्हणून ढगातून किती माल तयार येतो आणि लघुग्रहात किती घडतो, हा हिशेब लावण्यासाठी ढगातले मोजमाप स्वतंत्रपणे करावेच लागते. भुजंगधारीतल्या आयआरएएस १६२९३-२४२२ या नवजात ताऱ्यांच्या जोडीभोवतीच्या रेणूंचे परस्पर प्रमाण आणि ६७-पी वरचे प्रमाण ताडून पाहिले असता त्यांत लक्षणीय साम्य दिसते. सूर्यमालेच्या बर्फाचा काही भाग सूर्य पेटण्याआधीचाच असावा, या मताला त्यामुळे बळ मिळते.

रोहिणी (धुळे) :

मी पदव्युत्तर वर्गात भौतिकशास्त्र शिकते. असे काम आपल्याकडे का होत नाही? नारायणगावजवळची जीएमआरटी जगातली मोठी दुर्बीण आहे. आणि तोरणमाळसारख्या उंच ठिकाणी एखादी दुर्बीण बसवता आली नसती काय?

अनेरतीर (शिरपूर) :

जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मीटर ते डेसिमीटर लांबीच्या लहरींसाठी बांधलेल्या आहेत आणि त्यांचे कार्यक्षेत्र साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झ आहे. हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची रेषा त्यात येते. सेंद्रिय रेणूंच्या बहुतेक ठळक रेषा मात्र मिलिमीटर लांबीच्या लहरींत, म्हणजे दहापट ते शेकडोपट जास्त वारंवारतेवर पडतात, आणि हवेतली वाफ नेमक्या या लहरी शोषून घेते. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंच आहे आणि पावसाळ्यात ते ढगांतच असते. आल्माच्या सहासष्ट तबकड्या अटाकामाच्या वाळवंटात पाच हजार मीटरवर आहेत, त्या याच कारणासाठी.

तरीही निराश होण्याचे कारण नाही, रोहिणी. आल्माची निरीक्षणे साधारण एका वर्षाच्या राखीव मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. रेणूंच्या रेषांच्या सूची कोलोन विद्यापीठाने आणि नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. धुळ्यात बसून संगणकावर खरे वर्णपट वाचता येतात, आणि हे काम दुर्बीण हाताळण्याइतकेच खरे आहे.

रोहिणी (धुळे) :

आभारी आहे, सर. सुरुवात कुठून करावी? सॅजिटेरियस बी-२ घेऊ काय?

अनेरतीर (शिरपूर) :

नको. तिथे रेषांची रुंदी वेगाच्या भाषेत सेकंदाला साधारण पाच ते दहा किलोमीटर असते आणि शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. आयआरएएस १६२९३ मधला ‘बी’ हा घटक घ्यावा. येस योर्गेन्सेन यांच्या गटाने आल्माने ३२९ ते ३६३ गिगाहर्ट्झ हा पट्टा सलग तपासला आहे आणि तिथे दहा हजारांहून अधिक रेषा दिसतात. रुंदी सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे त्या सुट्या राहतात. आधी वेगाचा हिशेब करा. हा स्रोत आपल्यापासून सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने दूर जातो असे धरले, तर ३४५ गिगाहर्ट्झवरची रेषा साधारण साडेतीन मेगाहर्ट्झ खाली सरकलेली दिसते, आणि रेषेची स्वतःची रुंदी सुमारे सव्वा मेगाहर्ट्झच असते. म्हणजे ही दुरुस्ती केली नाही तर तुम्ही शेजारच्या भलत्याच रेणूची रेषा उचलाल.

कृत्तिका (जळगाव) :

ही आखणी फार चांगली आहे. माझ्या विद्यार्थ्यांनाही यात सामील करून घेते. प्रथम मिथेनॉल आणि मिथाइल फॉर्मेट, कारण त्यांच्या रेषा भरपूर आणि ठळक आहेत. त्यांवरून तापमान काढता येईल. मग त्याच तापमानाला ग्लायकोलाल्डिहाइडच्या रेषा किती तीव्र दिसायला हव्यात ते आधी कागदावर काढायचे आणि त्यानंतरच वर्णपट उघडायचा, असा क्रम मी ठेवणार आहे. शेवटी ग्लायसिनच्या अपेक्षित जागा तपासायच्या. तिथे गोंगाटापलीकडे काही दिसले नाही, तर त्या गोंगाटाच्या पातळीवरून ग्लायसिनचे प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकते याची वरची मर्यादा काढता येते. शोधनिबंधांत अशी मर्यादा रीतसर छापली जाते, म्हणून मुलांनीही ती आकड्यात लिहावी असा माझा आग्रह राहील. अनेरतीर सर, ही मर्यादा काढताना रेषेची रुंदी मिथाइल फॉर्मेटइतकीच धरावी काय?

अनेरतीर (शिरपूर) :

होय, सुरुवातीला तीच धरावी, आणि तापमान एकच न घेता शंभर व तीनशे केल्व्हिन अशा दोन्ही टोकांना हिशेब करून पाहावा. ग्लायसिन बर्फातून सुटायला पाण्यापेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे ते ताऱ्याच्या अगदी जवळच्या लहानशा भागातच वायुरूपात असण्याची शक्यता आहे. तबकड्यांच्या टिपणक्षेत्राच्या मानाने तो भाग किती छोटा आहे याची दुरुस्ती केली नाही, तर मर्यादा खऱ्यापेक्षा जास्त कडक निघेल.